चिठ्ठीचा कौल

इंदुरात ‘पानसे’ हे नाव निघाले की आमच्यासारख्या गाण्या-बजावण्याच्या घरांत पहिल्याने आठवतात ते पखवाजी नाना पानसे. होळकर दरबारचे हे वादक. त्यांच्या बाजाचे पुढे घराणेच झाले. माझे वडीलही दरबारचेच गवई, पण अगदी शेवटच्या फळीतले. संस्थान १९४८ साली विलीन झाले तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, त्याच्या गोष्टी मात्र पोटभर ऐकल्या. त्यांपैकी एका गोष्टीने मला चौथीच्या मुलांपुढे चांगलेच अडचणीत आणले, त्याची ही हकीकत.

आमच्या वाड्याच्या चौकात एक प्राजक्त होता. वडील पहाटे त्याच्या पारावर बसून रियाज करीत आणि म्हणत, “हा एवढा फुलतो तो सुरांवर.” त्यांचे बोलणे आमच्या घरात कोणी तपासून पाहत नसे. पुढे १९५०-६० च्या सुमारास अण्णामलै विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ टी. सी. एन. सिंग यांनी संगीताने रोपे जोमाने वाढतात असे प्रतिपादन केल्याचे वाचनात आले, तेव्हा तर मला शास्त्राचाही शिक्का मिळाल्यासारखे वाटले. प्राथमिक शाळेत संगीत शिकवू लागल्यावर दर वर्षी मी ही प्राजक्ताची गोष्ट सांगू लागलो.

एका वर्षी चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, आपण करून बघू या का?”

करून पाहण्यास माझी काय हरकत असणार! चहावाल्याकडून वीस कुल्हडे आणली, त्यांत काळी माती भरली, मूग पेरले. दहा कुल्हडे मी गाण्याच्या वर्गात खिडकीशी ठेवली आणि दहा पलीकडच्या खोलीत. आठ दिवस मुलांनी तानपुऱ्यावर भूपाचे पलटे म्हटले. गाणे ऐकलेले मूग चांगले दोन बोटे उंच झाले. मी खूष होतो. वडिलांच्या तसबिरीला त्या दिवशी हार घातला, हे कबूल करायला हवे.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी हळूच म्हणाली, “पण गुरुजी, तुमच्या खिडकीत ऊन येतं. आणि टपोरे मूग तुम्ही इकडेच टाकलेत. मी पाहिलं.”

देवाशपथ सांगतो, मी मुद्दाम काही केले नव्हते. पण पेरताना माझा हात बशीतला चांगला दाणा वेचून कोणत्या कुल्हडाकडे गेला असेल, हे मला तिथल्या तिथे उमगले.

येथे मला दुसऱ्या पानशांकडे वळले पाहिजे. इंदूरच्या आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी १९२४ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ स्थापन झाली. संचालक आल्बर्ट हॉवर्ड. त्यांनी आणि यशवंत वाड यांनी बसवलेली कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली, ते सर्वश्रुत आहे. त्याच संस्थेत १९३० नंतरच्या दशकात डॉ. व्ही. जी. पानसे कापसावर काम करीत होते, हे मात्र आपल्या जुन्या घरांतूनही फारसे कोणी सांगत नाही. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाकडे ते लंडनला शिकले. पुढे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्यासह त्यांनी शेतीच्या प्रयोगांतील संख्याशास्त्रावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५४ साली निघाला आणि देशभरच्या कृषी विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर शिकल्या.

या मंडळींपुढचा प्रश्न माझ्या कुल्हडांचाच होता. कापसाच्या दोन वाणांत सरस कोणता, हे ठरवायचे आहे. पण एकाच शेतात एका कोपऱ्यात माती खोल, दुसरीकडे मुरूम वर आलेला, तिसरीकडे पाणी साचणारे. संशोधकाने आपल्या लाडक्या वाणाला नकळत चांगला तुकडा दिला, तर पीक वाणाचे म्हणायचे की मातीचे? फिशर यांचा तोडगा असा: शेताचे लहान तुकडे पाडा, प्रत्येक वाण अनेक तुकड्यांत लावा, आणि कोणत्या तुकड्यात कोणते वाण हे स्वतः न ठरवता चिठ्ठ्यांवर सोडा. चिठ्ठीला लाडकेपण ठाऊक नसते. शिवाय नुसत्या दैवयोगाने केवढा फरक पडू शकतो, याचा हिशेबही मग मांडता येतो.

फिशर यांनी हे चहाच्या उदाहरणाने समजावले आहे. एक बाई म्हणाल्या, पेल्यात आधी दूध घातले की आधी चहा, हे मला चवीवरून कळते. आठ पेले केले, चार असे, चार तसे; क्रम दैवावर सोडला. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, म्हणून नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याचा संभव सत्तरांत एक. चौथीच्या मुलांना सत्तर मोजवत नाहीत. पण चार पेले घेतले तर सहाच प्रकार होतात, आणि ते त्यांनी फळ्यावर लिहून काढले. त्यांचे त्यांनाच पटले की चार पेल्यांवर कोणाला जाणकार म्हणणे घाईचे आहे.

इतक्या लहान मुलांपुढे हे कशाला, असे आमच्या शिक्षकांच्या खोलीत बोलले गेलेच. पण आपल्याच मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान स्वतः करून शिकण्याचा उपक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला आणि २००२ साली सरकारने बंद करीपर्यंत चालला. खेड्यातली मुले त्यात नाणी उडवून, निकाल मांडून संभाव्यता शिकत. ती सहावी ते आठवीची होती, हे खरे. पण चिठ्ठी उचलायला आठवी कशाला लागते? भोंडल्याच्या खिरापतीचा अंदाज बांधणारी मुले आपली.

तेव्हा पुन्हा वीस कुल्हडे. या वेळी मूग एका मुलाने डोळे मिटून काढले. कुल्हडांच्या बुडाशी आकडे लिहिले आणि डब्यातून चिठ्ठ्या काढून दहा ‘गाण्याची’ ठरली. यादी मुख्याध्यापिकाबाईंच्या खणात बंद. सगळी कुल्हडे दिवसभर एकाच ओसरीवर. फक्त अर्धा तास दहा माझ्या वर्गात येत, आणि तेवढाच वेळ उरलेली दहा ग्रंथालयाच्या खोलीत जात. नेआण करणारी मुले वेगळी, मोजणारी वेगळी. मोजणाऱ्यांना कोणते कुल्हड कुठले, हे ठाऊक नव्हते. ही युक्ती माझी नव्हे, त्यांचीच.

आठव्या दिवशी प्रत्येक कुल्हडातले सर्वांत उंच रोप मोजले. यादी बाहेर आली. बिनगाण्याच्या दहांची बेरीज तीन सेंटिमीटरांनी जास्त भरली.

“म्हणजे गाण्याने मूग खुरटतात?” एकाने विचारले. हसू आले तरी प्रश्न रास्त होता. मग आम्ही वीस उंच्या वीस कागदांवर लिहिल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि दहा-दहाचे दोन ढीग वाटले. येथे गाणे नाही, ऊन नाही, काहीच नाही. तरी बेरजांत फरक पडलाच. दहा वेळा पिसले, त्यांत सहा वेळा तीन सेंटिमीटरांहून मोठा फरक आला. मुलांनी निर्णय दिला: गाण्याने काही झालेले दिसत नाही, वाढही नाही, खुरटणेही नाही. आणखी कुल्हडे घेतली तर कदाचित कळेल, असे त्या मुलीने वहीत लिहिले. मला ते फार प्रामाणिक वाटले, आणि थोडे लागलेही.

त्या रात्री झोप आली नाही. मुगाचे सोडा, मला आठवत होती ती वर्गातली बैठक. सुरेल मुले पुढे, तानपुऱ्याशी. बेसूर मागे, भिंतीला. कोण सुरेल हे मी पहिल्या आठवड्यात ठरवतो. मग पुढची मुले वर्षभर तानपुरा ऐकतात, सुधारतात, आणि मी म्हणतो, पाहा, माझा कान चुकत नाही! मला बसवताना वडिलांनीही असेच पुढे बसवले होते.

पुढच्या महिन्यात मुलांनी विचारले, आता काय तपासायचे? मी म्हणालो, तानपुऱ्याशी बसल्याने पलटा लवकर बसतो का, हे पाहू. कोण बसणार ते चिठ्ठीने ठरेल. पंधरा दिवसांनी अदलाबदल, म्हणजे कोणाचे नुकसान नको. ऐकणाऱ्या बाई दुसऱ्या वर्गाच्या, पडद्याआड.

डबा हलवला. पहिली चिठ्ठी निघाली ती भिंतीशी बसणाऱ्या एका मुलाची. जून महिन्यापासून त्याला मी एकट्याने गायला सांगितले नव्हते. तो उठला, पुढे आला, आणि तानपुरा त्याने सतारीसारखा आडवा धरला. मुले हसली. मी तो उभा करून त्याच्या खांद्याला टेकवला आणि पंचमाच्या तारेवर त्याचे बोट ठेवून दिले.