लेसर किरण आणि गुडघ्याची गादी

आमच्या परभणी जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या व ज्वारी काढणाऱ्या वडील माणसांपैकी गुडघेदुखीची तक्रार न करणारा विरळाच. अशा घरी लेसरचे नाव निघाले, की मोठी आशा उत्पन्न होते. ती कितपत सार्थ आहे, याचा आम्ही येथे थोडक्यात विचार करू.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. गुडघ्यात याखेरीज अर्धचंद्राकृती अशा दोन गाद्याही असतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात; म्हणून त्वचेवरील जखम जशी भरून येते, तशी कूर्चेची झीज भरून येत नाही.

दिव्याचा प्रकाश चहूकडे फाकतो. लेसरचा मात्र एकाच रंगाचा व एकाच दिशेने जाणारा असतो. आइन्स्टाइन यांनी १९१७ साली त्याचे तत्त्व मांडले व १९६० साली मायमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून तो प्रत्यक्ष निर्माण केला. पुढे १९६४ साली कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध करणारे चंद्रकुमार पटेल हे बारामतीस जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

हा किरण पाण्यात शोषला जातो. शरीराच्या पेशींत पाणीच अधिक. ते क्षणात उकळून वाफ होते व तो भाग कापला जातो. परंतु दुर्बिणीने शस्त्रक्रिया करताना सांध्यात खारे पाणी भरतात. तेच किरणास गिळू लागले, म्हणून पाण्याऐवजी वायू भरावा लागे. पुढे आलेला होल्मियम लेसर बारीक तंतूतून नेता येतो व पाण्यातही काम करतो. त्याने फाटलेली गादी कापता येते, खडबडीत कूर्चा गुळगुळीत करता येते. तथापि उष्णता अधिक झाल्यास निरोगी कूर्चा, क्वचित खालचे हाडही, मृत होते.

मुख्य गोष्ट ही, की लेसर कापतो. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवीत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर घेतलेल्या कसोटीचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. झिजलेला गुडघा दुर्बिणीतून धुतलेल्या वा तासलेल्या रुग्णांना, केवळ त्वचेवर छेद घेतलेल्यांहून अधिक गुण आला नव्हता.

यास्तव पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी डॉक्टरांस स्पष्ट विचारावे: गादी फाटली आहे, की कूर्चा झिजली आहे? झीज असेल, तर वजन आटोक्यात ठेवणे व मांडीचे स्नायू बळकट करणारा नित्य व्यायाम, हे उपाय आधी करावेत. ते अल्पखर्चाचे आहेत, म्हणून कमी मोलाचे नव्हेत.