धुळपाटीवरचा धर्म

जुन्या पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर बोट टेकताच मुलाच्या तोंडून जे पहिले शब्द निघत, ते ‘ओनामासीधं’ असे असत. ‘ॐ नमः सिद्धम्’ या मूळ वचनाचे हे बालमुखात झिजलेले रूप, आणि त्यातले ‘सिद्धम्’ जैन परंपरेतून आले असावे असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. शैव, वैष्णव अशा नाना घरांतली मुले पिढ्यान्‌पिढ्या एकाच नमस्काराने अक्षराला आरंभ करीत, आणि त्या नमस्काराचे गोत्र कोणते याची चौकशी ना पंतोजी करीत, ना पालक. (त्या शाळेचा उंबरठा सर्व जातींना खुला नव्हता, हे मात्र विसरता येत नाही.) प्राथमिक वयातले धर्मशिक्षण हे असे असते: अर्थ कळण्याच्या आधी उच्चार येतो आणि सिद्धान्ताच्या कितीतरी आधी सवय जडते. म्हणूनच या वयात धर्माविषयी काय शिकवावे व काय शिकवू नये, हा प्रश्न मला अत्यंत जबाबदारीचा वाटतो.

उच्चार आणि सवय सिद्धान्ताच्या आधी येतात, ही गोष्ट मिशनऱ्यांनी फार लवकर ओळखली होती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या निधनानंतर १६२२ साली त्यांचे कोकणीतले ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे प्रश्नोत्तररूप पुस्तक छापून निघाले. धर्म लोकांच्या गळी उतरवायचा तर तो त्यांच्या बोलीत आणि त्यांना ओळखीच्या छंदात सांगितला पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

परंतु शाळा आणि धर्मांतर यांची गाठ पडली की काय होते, ते पाहायचे तर १८४३ सालच्या मुंबईकडे वळले पाहिजे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय अवघे बारा वर्षांच्या आसपासचे, मिशनच्या आश्रयाला राहिला. बापाने न्यायासनाकडे धाव घेतली, निवाडा बापाच्या बाजूने झाला आणि मुलगा घरी आला; पण मिशनमध्ये अन्नोदक घेतलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, या वादाने सारी मुंबई ढवळून निघाली. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताने त्याला परत घेण्याची बाजू लावून धरली आणि त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. मिशन, बाप, न्यायासन आणि ब्रह्मवृंद अशा चौघांच्या ओढाताणीत सापडलेले ते बारा वर्षांचे पोर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. धर्मशिक्षणाची कोणतीही नवी तजवीज वाचताना मी प्रथम हे पाहतो, की तिच्यात या मुलाची जागा कोठे आहे.

१८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने सरकारने रयतेच्या धर्मात हात घालू नये असा शिरस्ता घालून दिला आणि सरकारी शाळा धर्माविषयी अबोल राहिल्या. हा अबोलपणा सर्वांनाच मानवला असे नाही. लोकमान्य टिळकांनी १९०८ साली बार्शीच्या व्याख्यानात राष्ट्रीय शिक्षणाच्या अंगांमध्ये धर्मशिक्षणाला अग्रस्थान दिले. उलट महात्मा फुले यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात असे एक घर कल्पिलेले आहे, की जिथे पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी, आणि तरीही सर्वजण एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने नांदतात. मला हे चित्र आपल्या वाङ्मयातले धर्मशिक्षणाचे सर्वांत धीट चित्र वाटते, आणि ते शाळेचे नसून घराचे आहे, हे विशेष. पुढे १९३७ साली शिक्षणाची वर्धा योजना सिद्ध झाली. तीतून गांधीजींनी धर्मांचे शिक्षण जाणूनबुजून वगळले, कारण ज्या रीतीने धर्म शिकवले जातात त्यातून ऐक्यापेक्षा कलहच माजेल, अशी त्यांना धास्ती होती. ज्याच्या दिनक्रमात प्रार्थना कधी चुकली नाही, त्या माणसाचा हा निर्णय आहे, हे ध्यानात घ्यावे.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या विषयावर चर्चा झाली आणि डॉ. आंबेडकरांनी सरकारी शाळांत धर्मशिक्षण न देण्याच्या तरतुदीमागची कारणे विशद केली: करांचा पैसा एका धर्माच्या शिकवणीवर खर्च करणे अन्यायाचे, आणि धर्म इतके असताना सर्वांची सोय करणे अशक्य. त्यातून आलेला अनुच्छेद २८ सांगतो, की संपूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देऊ नये, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला त्यात ओढू नये. पुढे श्रीप्रकाश समितीने (हे श्रीप्रकाश त्या वेळी आपल्याच मुंबई राज्याचे राज्यपाल होते) लहान मुलांसाठी संतांच्या व धर्मसंस्थापकांच्या सोप्या गोष्टी सुचवल्या. १९६६ च्या कोठारी आयोगाने ‘धर्मशिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ असा मोलाचा भेद केला. आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांची ओळख करून देण्यास घटनेची हरकत नाही, असा निर्वाळा दिला.

दरवाजा असा उघडा असताना आपल्या शाळा आत शिरल्या नाहीत. झाले असे, की धर्मांची ओळख राहिली बाजूला, आणि सण मात्र वहिवाटीने आले. दसऱ्याच्या पाटीपूजनाला एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती मलाही प्रिय आहे. परंतु तीच पाटी पुजणाऱ्या मुसलमान वा बौद्ध मुलाच्या घरी काय पुजतात, काय म्हणतात, हे त्याला वर्षभरात एकदाही कोणी विचारत नाही, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाला तर ते ठाऊक असावे असेही कोणाला वाटत नाही.

रायगड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी याहून निराळे पाहिले आहे. चौथीच्या बाईंनी तास सुरू होताच एवढेच विचारले, ‘दिवेलागणीला तुमच्या घरी काय चालतं?’ एकीने ‘शुभं करोति’ सांगितले. एकाने रविवारी विहारात म्हटली जाणारी त्रिशरण-पंचशीले सांगितली. शेवटच्या बाकावरची एक लाजरी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, की भावाची बिस्मिल्ला, म्हणजे शिकण्याच्या आरंभाचा विधी, नुकतीच झाली, तो चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचा झाला तेव्हा. वर्गात बोटांवर हिशेब सुरू झाला, जो तो आपण त्या वयाचे केव्हा झालो असू ते मोजू लागला, आणि बाईंनी फळ्यावर ‘शुभं करोति’, ‘त्रिशरण’, ‘बिस्मिल्ला’ हे तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. या तासाला पुस्तक लागले नाही, सरकारी हुकूम लागला नाही. लागले ते बाईंचे धैर्य आणि त्या तिन्ही शब्दांविषयीचा त्यांचा सारखाच आदर.

मात्र हे धैर्य एकट्या बाईंच्या स्वभावावर सोपवून चालणार नाही. अध्यापक विद्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे, की त्यांनी आपल्या छात्राध्यापकांना एकदा तरी मशिदीत, विहारात, चर्चमध्ये, जैन देरासरात आणि गावच्या देवळात समक्ष न्यावे, तिथल्या माणसांशी बोलू द्यावे, आणि मगच त्यांच्या हाती चौथीचा वर्ग द्यावा.