आडवं चाला, बाई

पहिले दोन हिवाळे मी रेहेकुरीजवळच्या गायरानात काळविटांच्या मागं मागं हिंडले. चारशे पावलांवरूनच त्यांनी मला पाहिलेलं असायचं आणि माझ्या कॅमेऱ्यात नुसते पाठमोरे कळप यायचे. माळावर लपायला काही नसतं. म्हणून या जनावराची सगळी भिस्त डोळ्यांवर आणि पायांवर. ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळणाऱ्याचा पाठलाग काय करणार?

मेंढरं चारणाऱ्या एका आजोबांनी माझी चूक दाखवली. “बाई, नीट त्याच्याकडं जाऊ नका. आडवं चाला, चुकलेली शेळी हुडकल्यागत. त्याच्याकडं बघूबी नका.” पूर्वीचे शिकारी बैलगाडीच्या आडून हरणांजवळ जात, तेही याच कारणानं. रोज दिसणाऱ्या गाडीला हरीण बुजत नाही, रोखून चालून येणाऱ्या माणसाला बुजतं. १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली, फार चांगलं झालं. पण माळ वाचायची शिकाऱ्याची नजर मला हवीच होती.

आता मी काळवीट शोधत नाही, त्याच्या लेंड्या शोधते. विणीच्या हंगामात नर आपला इलाखा धरतो आणि ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. परातीएवढा ढीग होतो. खालच्या लेंड्या राखाडी, भुसभुशीत. वरच्या काळ्या, तुकतुकीत. वरचा थर ओला असेल तर धनी आसपासच आहे, आज ना उद्या इथं येणार. ढीग जुनाट असेल तर दिवसभर बसूनही काही हाती लागत नाही. नुसत्या चिकाटीला मी फार मान देत नाही, ते याचसाठी. आधी जागा, मग धीर.

मार्चमध्ये असा एक ढीग सापडला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच्यापासून शंभरेक पावलांवर बसले. सूर्य माझ्या पाठीशी उगवेल अशी बाजू धरली, म्हणजे त्याच्या डोळ्यांवर तिरीप येते. चिमूटभर माती सोडून वारा पाहिला. टेकाडाच्या माथ्यावर बसले नाही. तिथं माणूस आभाळावर काढल्यासारखा उठून दिसतो. उताराला, हिवराच्या बुडाशी, अंगावर घोंगडी.

साडेसातला एक कळप आला. माद्या तांबूस, बिनशिंगाच्या. मान खाली गेली की मी कॅमेरा बोटभर सरकवायचा, वर आली की थांबायचं. कुसळं सलवारीतून मांडीला टोचत होती, तरी हात नेला नाही. कळप पुढं गेला.

नऊ वाजत आले तेव्हा तो आला. पाठ काळी, पोट पांढरं, शिंगांना पीळ. (आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण चितळ-सांबराची शिंगं गळून पुन्हा येतात, काळविटाची जन्मभर तीच राहतात.) आधी एका काडीच्या टोकावर त्यानं डोळ्याजवळची ग्रंथी घासली, अगदी हळुवार, टोक डोळ्यात जाईल की काय असं मला वाटलं. मग पुढच्या खुरानं ढीग उकरला आणि वाकून बसल्यासारखा उभा राहिला.

पहिल्या क्लिकला त्याचा एक कान माझ्याकडं वळला. मी श्वास धरला. कान परत फिरला.

तो बांध ओलांडून दिसेनासा झाल्यावरच मी उठले आणि ढिगाला लांबून वळसा घालून, आडवी चालत निघाले.