उंच जीप, स्वस्त शाफ्ट : बचत कोठे करावी, कोठे करू नये

कापडाच्या व्यापाऱ्याने जीपच्या शाफ्टवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आडवाटेच्या आठवडे बाजारांना आमच्या गाठी जीपनेच जातात, आणि आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी गॅरेज, लेथ व स्पेअर पार्टच्या दुकानावर चालते. दगडधोंड्यांच्या वाटेसाठी आम्ही आमची जुनी जीप पाटे बदलून ४ इंच उंच करून घेतली. वर्षाच्या आत मागचा प्रोपेलर शाफ्ट घाटात तुटला. माणसे वाचली, अल्लाहचे उपकार. "मजबूत आहे, बिनधास्त चालवा," असे सांगून दिलेला तो शाफ्ट होता. तो का तुटला हे आम्ही नंतर जाणत्या मिस्त्रींकडे बसून समजून घेतले. ते येथे मांडतो.

इंजिनची ताकद गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसमधून शाफ्टमार्गे ॲक्सलकडे जाते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. पाट्यांवर गाडी उचलली की चॅसी वर जाते, ॲक्सल खालीच राहतो आणि शाफ्ट तिरपा होतो. नुसती बॉडी ठोकळ्यांवर उचलली किंवा मोठे टायर लावले तर हा कोन बदलत नाही. शाफ्ट आखूड असेल तर तिरपेपणा अधिक. ४ इंच उंचीने ४८ इंची शाफ्टचा कोन ५ अंशांहून कमी वाढतो, तर २४ इंची शाफ्टचा सुमारे साडेनऊ अंश. आखूड जीपचा मागचा शाफ्ट म्हणूनच आधी रडतो.

तिरप्या क्रॉसपुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. दर फेऱ्यात तो दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे पडतो. आत मिनिटाला १००० फेरे असतील, तर १० अंशांच्या कोनावर बाहेरची गती ९८५ ते १०१५ अशी हेलकावते. २० अंशांवर ९४० ते १०६४. म्हणजे कोन दुप्पट झाला की हिसका चौपट होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा हिसका रद्द करतो, पण दोन अटींवर : दोन्ही टोकांचे कोन समान हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत हवेत. या अटी मोडल्या तर कितीही जाड लोखंड वापरा, क्रॉसच्या सुया घासणार आणि सील गळणार.

आता स्वस्त उपाय एकेक पाहू. पहिला, ट्रान्सफर केसच्या आधाराखाली पॅकिंग घालून ती थोडी खाली घेणे. हे टिकते, पण पॅकिंग सबंध पोलादाचे आणि बोल्ट त्या मानाने लांब व कसदार हवेत. कमावलेल्या उंचीतला थोडा भाग पोटाखाली परत जातो, हे मात्र गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

दुसरा, पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर. ॲल्युमिनियमची पाचर दणक्याने चिरते, पोलादी घ्यावी. येथे एक चूक बहुतेक ठिकाणी होते. पिनियनचे तोंड सरळ शाफ्टकडे वळवले जाते. ज्याच्या वरच्या टोकाला जोड-क्रॉस आहे अशा महागड्या शाफ्टला ते योग्य आहे. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला पिनियन ट्रान्सफर केसच्या शाफ्टशी समांतरच हवा, नाहीतर समान कोनाची अट मोडते.

तिसरा, कमी पडलेली लांबी भरून काढणे. गाडी उंच झाली की सरकत्या जोडाचे दाते बाहेर ओढले जातात आणि थोड्या दातांवर सगळा भार येतो. फ्लँजवर चकती घालणे स्वस्त आहे; ती मध्यावर नेमकी बसली तर चालते. नळी कापून वाढवून घेणे अधिक चांगले, पण कान एका रेषेत ठेवून वेल्डिंग आणि त्यानंतर मशीनवर बॅलन्सिंग झालेच पाहिजे. आमच्या शाफ्टचे बॅलन्सिंग झालेच नव्हते. चार पैसे तेथे वाचवले गेले होते.

चौथा, क्रॉस. ग्रीस निपलवाल्या क्रॉसमध्ये ग्रीससाठी भोके असतात, त्यामुळे बंद क्रॉस ताकदीला थोडा सरस. पण चिखलपाण्यातून जाणाऱ्या गाडीला निपलवालाच बरा, कारण चारही वाट्यांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारता येतो. पाण्यातून गाडी काढली की ग्रीस भरावे.

एवढे झाल्यावर जाड शाफ्टचा विचार. शाफ्ट वेगाने नव्हे, ताकदीने तुटतो. समजा ट्रान्सफर केसच्या लो गिअरमध्ये अडीच पट आणि पहिल्या गिअरमध्ये साडेतीन पट ताकद वाढते. दोन्ही मिळून शाफ्टवर इंजिनच्या पावणेनऊ पट पीळ येतो. दगडात अडकलेले चाक अचानक सुटले की हिसका वेगळा. साखळीत एक कडी मजबूत केली तर पुढची कडी तुटते. क्रॉस तुटला तर खर्च थोडा आणि काम तासाभराचे. शाफ्ट फार जाड केला तर तोच दणका क्राऊन-पिनियनवर जातो आणि ॲक्सल उघडावा लागतो. क्रॉस हा स्वस्त फ्यूज समजावा.

यात जिवाचा प्रश्न आहे. जुन्या विलीज जातीच्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसमागे, शाफ्टच्या टोकावर असतो. चढावर मागचा शाफ्ट तुटला की ओढही जाते आणि हँडब्रेकही जातो. सुटलेले टोक ब्रेकच्या पाइपवर आदळले तर पायाचा ब्रेकही धोक्यात येतो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठाम केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

शेवटी कारागीर बंधूंना एक अर्ज. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवून देणारे आपले पैगंबर (स.) आहेत. मालातला ऐब सांगून विकणे ही आपली रीत आहे. पावतीवरच लिहून द्या : किती उंचीपर्यंत चालेल, बॅलन्सिंग झाले आहे की नाही, ग्रीस केव्हा भरावे. थानात एक डाग असला तर आम्ही तो गिऱ्हाइकाला उलगडून दाखवतो आणि तेवढा भाव कमी घेतो. गिऱ्हाईक पुढच्या खेपेला परत येते. शाफ्टच्या धंद्यातही बरकत याच वाटेने येईल.