तबकड्यांची सूची झाली, यंत्रांची राहिली

जुन्या ध्वनिमुद्रणांची नोंद आपल्याकडे बऱ्यापैकी झाली आहे. फ्रेड गैसबर्गने १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तिथपासून पुढच्या तबकड्यांचे क्रमांक, त्या निघाल्याची सालं, दुसऱ्या बाजूला काय होतं, हे चिकाटीने शोधणारी माणसं आपल्याला लाभली. मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या भारतीय मुद्रणांची सूची केली, ती १९९४मध्ये पुस्तकरूपाने आली. मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि सुरेश चांदवणकर यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून हे काम वर्षानुवर्षं पुढे नेलं. या मंडळींचं ऋण फार मोठं आहे. पण ज्या यंत्रांवर हे गाणं घरोघरी वाजलं, ते रेडिओ, चावीचे आणि विजेवरचे फोनो, स्पूल रेकॉर्डर, अँप्लिफायर, यांच्या वाट्याला असा सूचिकार क्वचितच आला. गेली वीस-बावीस वर्षं मी हौसेने त्यांच्या नोंदी ठेवते आहे. मॉडेल, व्हॉल्व्ह, सर्किट, सुट्या भागांवरचे शिक्के, बनावटीचं साल. या काळात काय हाती लागलं आणि काय निसटलं, ते एकदा मांडावंसं वाटलं.

सुरुवात केली तेव्हा दिवस उतरते होते. सीडी स्थिरावली होती, एमपीथ्रीने कॅसेटही मोडीत काढली होती. वाडे पाडून इमारती उभ्या राहत होत्या आणि माळ्यावरचे मर्फी, बुश, टेलेरॅड, नॅशनल-एको असे सेट पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार-बुधवारी मातीमोल भावाने मिळत. लाकडी पेटी चांगली असली तर लोक ती घेत आणि आतली चेसिस तिथेच टाकून जात. मर्फी रेडिओ तर ठाण्यात बनत होता, त्याच्या जाहिरातीतलं बाळ माहीत नसलेलं घर नव्हतं. तरीही त्या कारखान्यातून निघालेल्या एखाद्या मॉडेलचं सर्किट हवं म्हटलं, तर ते मिळता मिळत नसे.

घरचा सेट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असायचा, “हा कुठल्या सालचा?” विलायती सेट असेल तर उत्तर सोपं, कारण तिकडचे छापील तक्ते उपलब्ध आहेत. आपल्याकडे तेच तक्ते दिशाभूल करतात. आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे इंग्लंडात बंद पडलेली बनावट इथे पुढे चालू राही. तबकड्यांचंही तसंच झालं. पाश्चात्त्य बाजारातून ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, तबकडी हद्दपार झाल्यावरही आपल्याकडे ती निघत राहिली. बीटल्सची गाणी ७८वर हवी असतील तर आजही जगभरचे संग्राहक भारतीय तबकड्या शोधतात.

मग साल शोधायचं कसं? परवान्याची पुस्तिका सापडली तर पहिला धागा मिळतो. रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे आणि ही पद्धत १९८०च्या दशकात संपली. बऱ्याच घरांत ती पुस्तिका रेडिओच्या पाठीमागे किंवा रेशनकार्डाबरोबर ठेवलेली सापडते. पुस्तिका नसेल तर चेसिस बाहेर काढून व्हॉल्व्ह वाचायचे.

फिलिप्स आणि मुलार्डच्या व्हॉल्व्हवर काचेच्या तळाशी राखाडी रंगाची दोन ओळींची बारीक खूण असते. नखाने खरवडली तरी जात नाही, पण सरळ उजेडात दिसतही नाही. काच तिरपी धरावी लागते. दुसऱ्या ओळीत समजा ‘बी५एच३’ असं आहे. पहिलं अक्षर कारखान्याचं. बी म्हणजे इंग्लंडातलं ब्लॅकबर्न, आर म्हणजे मिचम, त्रिकोण असेल तर हॉलंडमधलं हीर्लेन. पुढचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक. मग महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी, म्हणून एच म्हणजे ऑगस्ट. शेवटी आठवडा. अडचण एवढीच की वर्षाचा एकच अंक असतो. पाच म्हणजे १९५५ की १९६५, हे व्हॉल्व्हच्या घडणीवरून ठरवायचं. शिवाय व्हॉल्व्ह बदललेला असू शकतो. म्हणून सगळ्या व्हॉल्व्हच्या खुणा, लाउडस्पीकरवरचा शिक्का आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवरची तारीख एका ओळीत लिहून पाहायची. मूळ भागांतला जो सर्वांत उशिराचा, त्याच्या आधी सेट बनलेला असूच शकत नाही. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा व्हॉल्व्ह दिसला तर तो बहुधा साठच्या दशकातला किंवा नंतरचा. या पद्धतीने लावलेली सालं मला आजही सर्वांत भरवशाची वाटतात. विक्रेत्याने सांगितलेलं साल मी नोंदवते, पण वेगळ्या रकान्यात.

खरा खजिना सापडला तो मेकॅनिक लोकांकडे. अप्पा बळवंत चौकाजवळ एक काका रेडिओ दुरुस्त करत. त्यांच्याकडे एक जाड वही होती, पानांना तेलाचे आणि रोझिनचे डाग. तिच्यातलं एक पान मी त्यांच्या परवानगीने जसंच्या तसं उतरवून घेतलं. विषय होता एसी-डीसी सेट. काही ठिकाणी पूर्वी डीसी वीज होती, त्यासाठी हे सेट बिनट्रान्सफॉर्मरचे केलेले असत. सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एकामागे एक जोडलेले. यूसीएच४२ला १४ व्होल्ट, यूएफ४१ला साडेबारा, यूबीसी४१ला १४, यूएल४१ला ४५, यूवाय४१ला ३१. बेरीज साधारण ११७. राहिलेले शंभरावर व्होल्ट एका रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जातात, म्हणून त्या कोपऱ्यातलं लाकूड काळवंडलेलं असतं. एक हीटर तुटला की सगळे विझतात. खाली काकांनी लिहिलं होतं, यूएल४१ मिळत नाही, यूएल८४ घाला, हीटर तोच, बैठक आठऐवजी नऊ पिनांची करा, कॅथोडचा रेझिस्टन्स बदला. आणि त्याखाली लाल शाईत, ‘चेसिसला हात लावू नये, लाइन आहे.’ अशा सेटात चेसिस थेट विजेच्या तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर पत्र्यात २३० व्होल्ट उतरतात.

असं ज्ञान छापील पुस्तकात नसे. ते दुकानात उभं राहून, ‘काका, हे असं का?’ असं विचारून मिळायचं. ट्रान्झिस्टर रेडिओतला एएफ११७ हा ट्रान्झिस्टर त्यांनीच मला ओळखायला शिकवला. साठच्या दशकातल्या फिलिप्स-घराण्याच्या कितीतरी सेटांत तो आहे. त्याच्या धातूच्या टोपणात आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या जोडण्या टोपणाला शॉर्ट होतात. रेडिओ मुका होतो. उपाय असा, की चार तारांपैकी टोपणाची तार कापायची. पुष्कळदा तेवढ्यावर सेट बोलू लागतो. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे किती रेडिओ भंगारात गेले असतील!

फोनोंच्या नोंदी करताना मात्र प्रश्न दुरुस्तीपुरता राहिला नाही, तो गाण्यापर्यंत पोचला. अमेरिकेतले नातेवाईक जाता-येता जुना टर्नटेबल घेऊन येतात. तो ११० व्होल्टचा, म्हणून आपण ट्रान्सफॉर्मर लावतो. व्होल्ट जुळतात, पण तिकडची वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५०ची, आणि ट्रान्सफॉर्मर हर्ट्‌झ बदलत नाही. १९७९च्या टेक्निक्स एसएल-१२०० मार्क टूसारख्या क्वार्ट्झ-नियंत्रित यंत्राला याचं काही नाही. पण मोटरच्या पुलीवरून रबरी चाक आणि त्यावरून थाळी फिरवणारं यंत्र सहाला पाच या प्रमाणात मंदावतं. ७८चे ६५ फेरे होतात. स्वर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच खाली येतो. काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारात, तीही किंचित उतरलेली ऐकू येते. आणि ऐकणारा म्हणतो, ‘बाईंचा आवाज पूर्वी किती भारदस्त होता!’ असे चुकीच्या वेगाने उतरवून घेतलेले नमुने आज संगणकांतून फिरत आहेत. पुलीचा व्यास ही बारीकशी गोष्ट आहे, पण ती ठाऊक नसेल तर गायकीबद्दलची आपली मतंच चुकतात.

वेग तपासायचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. कागदी स्ट्रोब चकती थाळीवर ठेवायची, निऑनचा दिवा तिच्यावर धरायचा. ५० हर्ट्‌झवर ७८साठी ७७ रेघा, ३३⅓साठी १८०. रेघा जागेवर स्थिर दिसल्या की वेग बरोबर. अगदी सुरुवातीच्या तबकड्या ७८वरच मुद्रित झालेल्या असतात असंही नाही. तिथे गायकाची पट्टी माहीत असणाऱ्या कानाची गरज लागते. सुईचंही तेच. ७८च्या खाचेला एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि दोष बिचाऱ्या तबकडीला लागतो.

स्पूलच्या यंत्रांबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ आहे. ७८च्या तबकडीवर एका बाजूला साडेतीन मिनिटं मावत. सात इंची स्पूलवर १२०० फूट फीत बसते आणि पावणेचार इंच वेगाने ती तासाहून अधिक चालते. म्हणजे विलंबित ख्याल पूर्ण, द्रुतही पूर्ण, आणि मधली दादसुद्धा. महाराष्ट्रातल्या खासगी मैफली ग्रुंडिगसारख्या यंत्रांवर रसिकांनी स्वतःच्या खर्चाने मुद्रित केल्या. फीत महाग, म्हणून काहींनी वेग निम्मा केला, काहींनी एकाच फितीवर चार पट्टे वापरले. अशी फीत दोन पट्ट्यांच्या यंत्रावर लावली तर एक राग सुलटा आणि दुसरा त्याच वेळी उलटा ऐकू येतो. घरचे लोक म्हणतात, ‘खराब झालीय’, आणि टाकून देतात. फीत उत्तम असते, हेड वेगळं हवं असतं. म्हणून कोणत्या मॉडेलला कोणतं हेड आणि कोणते वेग, ही नोंद मी इतर सगळ्या नोंदींच्या आधी पुरी केली.

कॅसेटच्या यंत्रांबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. आखाती देशांतून आलेले टू-इन-वन घराघरांत होते, त्यांची माहितीही मुबलक मिळते. बेल्ट वितळतात, ते बदलायचे.

२०१०नंतर वारं फिरलं. तबकडीला पुन्हा मान आला. टेक्निक्सने २०१०मध्ये बंद केलेला एसएल-१२०० २०१६मध्ये परत आणला. जुन्या यंत्रांच्या किमती वाढल्या, आणि किमतीबरोबर नकलाही. पितळी चकचकीत कर्णा, नवी कोरी अष्टकोनी पेटी, वर कुत्र्याचं चित्र, असा ‘शंभर वर्षांपूर्वीचा ग्रामोफोन’ मुंबईच्या चोरबाजारापासून पंचतारांकित हॉटेलांपर्यंत सगळीकडे दिसतो. आतली मोटर आणि साऊंडबॉक्स बहुधा एखाद्या पोर्टेबल यंत्राचा असतो. एचएमव्ही १०२ हे १९३१मध्ये आलेलं पेटीचं यंत्र, चावीच्या यंत्रांतलं माझ्या मते सर्वांत चांगलं. अशी अस्सल यंत्रं मोडून ही शोभेची वस्तू बनते, याचा मला संताप येतो. एक वाजणारं यंत्र कायमचं जातं आणि त्याची ओळखही पुसली जाते.

उलट दिशेची एक गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे. गॅरार्ड ३०१ हा टर्नटेबल १९५०च्या दशकात इंग्लंडच्या स्विंडनमध्ये बनू लागला. रेडिओ केंद्रं आणि स्टुडिओ यांनी तो वापरला. पुढे कंपनी हातोहात फिरली, नाव उरलं. पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने २०१६मध्ये टोनआर्मसाठी नावाजलेली ससेक्सची एसएमई कंपनी घेतली आणि २०१८मध्ये गॅरार्डही. आता जुने ३०१ एसएमईमध्ये नव्याने उभे केले जातात. मूळ भागांची मापं आणि रेखाटनं हाताशी असल्याशिवाय असं पुनरुज्जीवन होत नाही. ठाण्याच्या मर्फीसाठी उद्या कुणी असं करायचं ठरवलं, तर त्याच्या हातात आपण काय देणार? माझ्याकडे जेवढं आहे तेवढं देईन, पण ते पुरेसं नाही.

वही दाखवणारे काका आता नाहीत. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत व्हॉल्व्हची बैठक मागितली तर तरुण पोरं एकमेकांकडे बघतात, यात त्यांचा दोष नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात जुना रेडिओ, फोनो किंवा स्पूल असेल तर तो विकण्याआधी पाठीमागचं झाकण काढून आतले फोटो घ्या, लेबल, शिक्के आणि व्हॉल्व्हच्या खुणा नीट दिसतील असे. आत चिकटवलेला कागद असेल तर तो फाडू नका. परवान्याची पुस्तिका आणि खरेदीची पावती सेटाबरोबरच ठेवा. बरीच वर्षं बंद असलेला सेट जाणकाराला दाखवल्याशिवाय विजेला जोडू नका. आणि तुमचे वडील, काका किंवा शेजारी रेडिओ दुरुस्त करत असतील, तर त्यांची वही कुठे आहे ते आजच विचारा.