डब्यातली आफ्रिका

भोईवाड्यातल्या शाळेत आफ्रिका शिकवायची, तर नकाशाआधी मुलांचे डबे उघडावेत. ज्वारीची भाकरी, चवळीची उसळ, नाचणीचा लाडू. या तिन्ही पिकांचे मूळ आफ्रिकेत आहे. नाचणी तर इथिओपिया-युगांडाच्या उंच प्रदेशातून हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. कोकणी आजीला ती परकी म्हणून सांगून पाहावे!

माणसांचे मात्र असे झाले नाही. शालेय इतिहासात हबशी भेटतो तो जंजिऱ्याचा सिद्दी, म्हणजे शत्रू म्हणून. ते खोटे नाही. १६८९ साली सिद्दी याकूत फौजेसह शिवडीला उतरला, आणि शिवडी भोईवाड्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे. पण मलिक अंबरचे काय? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून पुन्हापुन्हा विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली. तिथली नहर-ए-अंबरी त्याचीच. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

हे ऐकल्यावर एखादा मुलगा विचारणारच, "मग हबशी आपले की त्यांचे?" शिक्षकाने लगेच उत्तर देऊ नये. फळ्यावर १६२४ आणि १६८९ ही दोन्ही साले शेजारी शेजारी लिहावीत आणि मुलांनाच बोलू द्यावे.