हिमोफिलिया आहे म्हणून हृदयाला सूट नाही

रक्त गोठायला मदत करणाऱ्या फॅक्टरची इंजेक्शने सहज मिळत नव्हती, त्या काळात तीव्र हिमोफिलिया असलेली अनेक मुले तरुणपणीच दगावत. आज नियमित उपचार मिळालेला मुलगा म्हातारा होण्याची आशा बाळगू शकतो. त्यामुळे बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब त्यालाही चुकत नाही, आणि तो हिशेब पंधरा-वीसच्या वयातच सुरू होतो. घरात सगळ्यांचे लक्ष मात्र रक्तस्रावाकडे असते. त्यातून काही समज घट्ट झाले आहेत.

गैरसमज : रक्त पातळ आहे, हार्ट अटॅक येणारच नाही.

वस्तुस्थिती : हिमोफिलियात रक्त पातळ नसते. ए प्रकारात फॅक्टर आठ आणि बी प्रकारात फॅक्टर नऊ कमी पडतो, म्हणून गुठळी पक्की होत नाही. हार्ट अटॅक बहुधा दोन टप्प्यांत येतो. आधी धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबी साचते, मग तो थर फुटून तिथे गुठळी होते. फॅक्टरची कमतरता फार तर दुसऱ्या टप्प्यात थोडा अडथळा आणते. पहिला टप्पा ती थोपवत नाही. शिवाय नियमित फॅक्टर किंवा एमिसिझुमॅब हे औषध घेतल्यावर गुठळी होण्याची क्षमता सुधारते, म्हणजे तो अडथळाही कमी होतो. त्यातून अटॅक आलाच तर ॲस्पिरिनसारखी औषधे देताना डॉक्टरांना रक्तस्रावाचाही विचार करावा लागतो.

गैरसमज : बीपी या वयात कशाला मोजायचे?

वस्तुस्थिती : परदेशांतल्या अनेक अभ्यासांत हिमोफिलिया असलेल्या पुरुषांमध्ये उच्च रक्तदाब इतरांपेक्षा जास्त आढळला आहे. वाढलेल्या बीपीने मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि हिमोफिलियात सर्वांत जास्त भीती त्याचीच असते. बीपी मोजायला पट्टा बांधल्याने सहसा काही होत नाही. कोपर सुजले असेल तर दुसऱ्या हातावर मोजावे. सांधा दुखतो म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणणे दुहेरी घातक आहे: रक्तस्राव वाढतो, बीपीही वाढू शकतो. पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित आहे.

गैरसमज : मैदानापासून लांब ठेवले की मुलगा सुरक्षित.

वस्तुस्थिती : बसून राहिल्याने स्नायू रोडावतात आणि सगळा भार सांध्यांवर येतो. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग नकोच. पोहणे, चालणे, सायकल हे मात्र डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना विचारून जरूर करावे. नियमित फॅक्टर घेणाऱ्यांनी खेळाच्या दिवशी तो कधी घ्यायचा, हेही विचारून घ्यावे. ताजा रक्तस्राव असेल तेव्हा विश्रांतीच हवी.

गैरसमज : अंगाने भरलेला मुलगा म्हणजे ठणठणीत.

वस्तुस्थिती : जास्तीचे वजन आधी गुडघे आणि घोटे सोसतात. शीर सापडणे अवघड होते. फॅक्टरचा डोसही किलोवर ठरतो. फॅक्टर आठचे किलोमागे एक युनिट दिले तर रक्तातली पातळी साधारण 2 टक्क्यांनी वाढते. म्हणजे पातळी 50 टक्क्यांनी वाढवायला 60 किलोच्या मुलाला 1500 युनिट लागतात, तर 80 किलोच्या मुलाला याच हिशेबाने 2000. दर वेळी 500 युनिटची एक बाटली जादा! उलट, मांडीचे स्नायू रोडावले असतील तर काट्यावर वजन बेताचे दिसते, पण चरबी पोटावर असते. म्हणून टेपने कंबरही मोजावी. प्रौढ भारतीय पुरुषांत ती 90 सेंटिमीटरच्या आत हवी.

गैरसमज : सुई टोचायची नाही, मग रक्त तपासायचे कसे?

वस्तुस्थिती : टाळायचे असते ते स्नायूत दिले जाणारे इंजेक्शन. शिरेतून रक्त काढता येते, साखरेसाठी बोटही टोचता येते. तपासनिसाला आजाराची कल्पना द्यावी, बारीक सुई वापरायला सांगावे आणि नंतर ती जागा न चोळता काही मिनिटे दाबून धरावी. वडील किंवा काकांना कमी वयात मधुमेह किंवा हृदयविकार झाला असेल, तर ही तपासणी लांबवू नये.

रक्तस्रावाच्या वहीत तारीख, सांधा आणि युनिट यांचे रकाने बहुतेक घरांत असतातच. त्यांच्या शेजारी बीपी, वजन आणि कंबर असे आणखी तीन रकाने आखा आणि पुढच्या खेपेला हिमोफिलिया केंद्रात ते भरून घ्या.